चांद्याचा लाल दिवा

गाडीच्या डॅशबोर्डवर बॅटरीचं चित्र असलेला लाल दिवा पेटला की माणसानं काय करावं? आमच्या सिरसाळ्यात एका बहाद्दरानं बायकोची टिकली आणून त्या दिव्यावर चिकटवली. म्हणला, "आता दिसत न्हाई, तर तरास बी न्हाई." दुसऱ्यानं तिथं देवीचा फोटू लावला. मागून दिवा पेटला की देवीच्या डोक्याभवती लाल तेज दिसायचं. त्याला वाटलं देवी पावली. परळीच्या रस्त्यावर गाडी बंद पडली तवा मात्र देवीला न्हाई, मला फोन केला.

आरं बाबांनो, तो दिवा म्हंजी सांगावा हाय. गाडी चालू आसताना डायनामो फिरतो आन बॅटरी भरत ऱ्हातो. दिवा लागला म्हंजी भरणं थांबलं, आता तुमी कणगीतलं साठवणीचं धान्य उपसून खायलाव. कणगी रिकामी झाली की बसा रस्त्याच्या कडंला बोंबलत. इतकं साधं हाय. पण सांगून ऐकतील ती माणसं कसली!

मी उत्तरेश्वर. मूळचा युसूफ वडगावचा, पण गाड्यांच्या वायरिंगचं दुकान सिरसाळ्यात टाकलंय. माझं डोकं लवकर तापतं. माझी बायको मंजुषा म्हणती, "तुमच्या डोक्यातला फ्यूज लई हलका बसवलाय देवानं." खरं हाय. पण आज मला माझं पुराण लावायचं न्हाई. मला कौशल्याबाईचं सांगायचंय. तिच्या जीपनं पोळ्यापासून दसऱ्यापर्यंत माझा जीव खाल्ला. आन हे समदं सांगायला आता काय बी हरकत न्हाई, कारण ती सोताच बाजारात उभी ऱ्हाऊन सांगत सुटलीय.

कौशल्याबाई म्हंजी सुपारीवाणी बाई. अंगानं लहान, पण फोडायला गेलं तर अडकित्ता मोडंल. सिरसाळ्यापासून आत, वढ्याच्या पलीकडं तिची वस्ती हाय. लगीन होऊन आली त्याच साली नवऱ्याबरूबर ऊसतोडीला गेली, आन तवापासून दर साली दसरा झाला की बैलगाडीत संसार भरून कारखान्यावर. लेक रामेश्वर उसाच्या फडातच जल्मला. नवरा वारला तरी बाईनं गाडी सोडली न्हाई. आमच्याकडं नवरा-बायकोच्या जोडीला 'कोयता'च म्हणतात, एक कोयता, दोन कोयते आसं मोजतात. हिचा नवरा गेला तवा मुकादम म्हणला, "बाई, आता तुमी अर्धा कोयता." ही म्हणली, "अर्ध्या कोयत्यानं तुझी मिशी काढून दाखवू का?"

मग एका साली तिनं काय केलं, बैलजोडी इकली आन जुनी जीप घेतली. रामेश्वरनं गाडी शिकून घेतली. वस्त्यावस्त्यांवरची पोरं सकाळी सिरसाळ्याच्या शाळेत सोडायची, संध्याकाळी आणायची, मधल्या येळेत बाजारची माणसं न्यायची. रामेश्वरची पोरगी संस्कृती बी त्याच जीपमंदी शाळेत जायची. बाईनं गावात सांगून टाकलं, "माझी नात ऊस खाईल, पण तोडणार न्हाई."

पण बैलं गेली तरी बाईचं बैलपण गेलं न्हाई. तिच्या थोरल्या बैलाचं नाव चांद्या व्हतं, तेच तिनं जीपला ठिवलं. रामेश्वरच्या शेजारी बसायची ती गाडीच्या धुरंवर बसल्यावाणी. चढ आला की "हैक, हैक!" आन ब्रेक लागला की "हो रं हो!" रामेश्वर लाजून मरायचा. एकदा एका ट्रकवाल्यानं मागून लई हॉर्न वाजवला तर ही उतरून त्याच्या खिडकीपाशी गेली आन म्हणली, "कावून वरडायलास बे? म्हातारा बैल हाय माझा, बिथरंल!" ट्रकवाला आजूबाजूला बैल बगायला लागला.

आन बॉनेटला हात लावायची मुभा हिच्याशिवाय कुणालाच न्हाई. गाडी हाकणं लेकाचं, निगा राखणं हिचं, आशी वाटणी व्हती. माझ्या दुकानात आली की ती माझ्या मागं उभी ऱ्हाऊन मी काय करतो ते मांजरीवाणी टक लावून बगायची. मला वाटायचं, बगू दे बिचारीला, तिला काय कळतंय. कळत व्हतं हो! उलटंच कळत व्हतं, एवढाच घोटाळा.

त्या साली पोळ्याला तिनं कहर केला. गावातल्या समद्यांची बैलं सजून तोरणाखालून निघाली, आन त्यांच्या मागून हिची जीप. बॉनेटवर झूल, बंपरला बेगड, आरशांना फुगे, पुढं घुंगूरमाळ. लोकं हसून लोळायली. गावातली जाणती माणसं म्हणली, "बाई, पोळा बैलाचा आस्तो." ही म्हणली, "जो माझं वझं वढतो तो बैल. तुमचं जो वढतो त्याला सजवा." मला पंक्चरवाल्या सटवानं मोबाईलवर फोटू दाखवला. रामेश्वर स्टेरिंगवर बसलाय आन तोंडावर उपरणं घेतलंय. ही पुढं पुरणपोळीचं ताट घेऊन उभी. मी बी पोट धरधरून हसलो.

पोळा झाला आन चांद्याचा लाल दिवा लागला.

पहिल्या येळंला रामेश्वर आला तवा म्हणला, "भाऊ, गाडी सावकाश झाली की दिवा पेटतो, पळवली की विझतो. रातच्याला लाईट बारीक-मोठी व्हती. आन सकाळी सेल्फ मारला की नुसतं टकटक. पोरं ढकलायलीत गाडी."

मी बॉनेट उघडलं. आतून इंजिन आसं चकाचक की सासू पाहुणी येणार म्हणून घासल्यावाणी. मीटर लावला, गाडी चालू केली. काटा चौदा व्होल्टच्या वर. म्हंजी डायनामो ठणठणीत. दिवा बी लागंना. लाईट लावली, हॉर्न वाजवला, काय बी न्हाई. मी म्हणलो, "काय झालेलं न्हाई रं, जा घरी."

आठवडा गेला न्हाई तोवर परत आले. मी बेल्ट ढिला आसंल म्हणून ताणून दिला. परत आले. मी डायनामो खोलून कार्बन बदलले. परत आले. दुकानात आली की गाडी सुतासारखी सरळ, अन् वस्तीवर गेली की परत टकटक. माझं डोकं आसं तापलं की मी हातातला पाना फेकला, तो सटवाच्या पंक्चरच्या पाण्यात जाऊन पडला.

सटवा आधीच खवचट. म्हणला, "उत्तरेश्वर, तुझ्यानं हुईना तर मी हवा भरू का बॅटरीत?"

"तू तुझं तोंड फुगवून बस बे!" मी म्हणलो.

त्याच दिवसांत आजून एक गंमत व्हायची. चांद्याचं बॉनेट उघडलं की मला भूक लागायची. खोटं सांगत न्हाई, शिऱ्याचा घमघमाट सुटायचा. मला वाटायचं शेजारच्या हॉटेलात शिरा टाकलाय. दोन येळंला मी जाऊन एक पलेट शिरा मागितला बी. हॉटेलवाला म्हणला, "आमी शिरा करतच न्हाई. सपनात हायेस का?" मी म्हणलो, तूप लपवतो साला, घरच्यांसाठी करत आसंल.

इकडं मात्र हसण्यावारी न्यायची गोष्ट ऱ्हायली न्हवती. शाळेच्या पोरांना दोनदा मधूनच चालत जावं लागलं. पोरांच्या बापांनी रामेश्वरला गाठून सांगितलं, दसऱ्यापर्यंत बगू, नंतर दुसरी गाडी लावू. आन शिवशंकर मुकादम वस्तीवर येऊन चहा पिऊन गेला. मुकादम काय वाईट माणूस न्हाई, पण टोळी भरणं हा त्याचा धंदा. त्याला एक कोयता कमी पडत व्हता.

रामेश्वर माझ्या दुकानात बाकड्यावर बसून म्हणला, "भाऊ, मी मुकादमाला शबूद दिलाय. दसऱ्याच्या सकाळी जीप एका किल्लीत चालू झाली तर ऱ्हाईन. टकटक झालं की मी आन संगीता टोळीबरूबर निघालो. गाडी भंगारात."

संगीता म्हंजी त्याची बायको. मी इचारलं, "आन पोरगी?"

"पोरगी आमच्याबरूबर. तिला इथं कोण सांभाळंल? माय बी येती म्हणायली, पालावर सैपाक करीन म्हणती." त्यानं तोंड फिरवलं. "ही गाडी म्हंजी मायचं याड हाय, भाऊ. निदान कोयता तरी टकटक करत न्हाई."

मला लई लागलं ते. गाडी न्हाई चालली तर त्या लेकराची शाळा सुटणार, आन माझ्या हातानं फॉल्ट सापडंना! मी माझी सोताची चांगली बॅटरी काढून त्याच्या जीपला बसवली, त्याची दुकानात ठिवली आन म्हणलो, "आता दिवा लागला तर माझी मिशी उतरवतो."

दुसऱ्याच दिवशी सटवा वस्तरा घेऊन आला. दिवा लागलता.

आता मात्र लोकांच्या तोंडाला ऊत आला. कुणी म्हणलं पोळ्यात गाडी मिरवली, नजर लागली. कुणी म्हणलं करणी. कुणी म्हणलं आसल चांद्या कसायाकडं गेला आसंल, त्याचा आत्मा बॉनेटमंदी शिरलाय. मी समद्यांना शिव्या घालत व्हतो, पण खरं सांगू का, त्या रात्री मी बी देवापुढं एक उदबत्ती जास्तीची लावली.

सकाळी दुकान उघडलं आन बगतो तर भिंतीवरून मुंग्यांची रांग. म्हणलं साखर सांडली आसंल. रांग धरून गेलो, तर रांग गेली चांद्याच्या जुन्या बॅटरीवर. बॅटरीला मुंग्या! मी जल्मात पाह्यलं न्हवतं. बॅटरीत आस्तं ॲसिड, तिथं मुंगी कशाला मरायला जाईल? पण ह्या मुंग्या बॅटरीच्या खुंटीपाशी, जिथं वायरीचा क्लॅम्प बसतो तिथं, लगीनघरावाणी गर्दी करून. मी नखानं खरवडलं. पिवळं निघालं. वास घेतला.

तूप! साजूक तूप! आन हळद!

जिभंला लावणार व्हतो, तेवढ्यात ध्यानात आलं की खाली ॲसिड हाय. मग मला शिरा आठवला. माझ्याच थोबाडीत मारून घ्यावी वाटलं.

मी कुणाला काय बोललो न्हाई. त्याच संध्याकाळी दिवेलागणीला मोटरसायकल काढली आन न सांगता वस्तीवर गेलतो. गाडी लांबच लावली, कडब्याच्या गंजीमागं उभा ऱ्हायलो. रामेश्वर घरी न्हवता. संगीता आत भाकरी थापत व्हती. आंगणात जीप, बॉनेट उघडं, आन पुढं पाटावर उभी ऱ्हाऊन कौशल्याबाई. हातात वाटी.

तिनं आधी पान्यानं बॅटरीचे क्लॅम्प ढिले केले आन खुंटीवरून वर उचलले. मग बोटं वाटीत बुडवली आन दोन्ही खुंट्यांना आसं चोळायला लागली, आसं मायेनं, की मी बगतच ऱ्हायलो. खांदेमळणी! पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाच्या खांद्याला तूप-हळद चोळतात ना, सालभर जू वढून खांदा सोलपटलेला आस्तो म्हणून, तीच! बाई जीपची खांदेमळणी करत व्हती. आन पोळ्याची न्हाई, रोजची!

"लई दुखायला का रं?" ती जीपला म्हणायली. "लेकरं लई बसवतात तुझ्यावर. काल वझं न्हाई झेपलं तुला, मला कळतंय. जरा कळ काढ. तूप झिरपलं की खांदा बरा हुतोय."

तूप चोळून झालं. तिनं क्लॅम्प परत वरून ठिवले आन बोटानंच इवलंसं फिरवले. "घट्ट आवळत न्हाई बाबा. रगत निघंल तुझं."

मी कपाळावर हात मारला. आत तूप, वरून जू ढिलं! आन मागनं तिनंच सांगितलं, सिरसाळ्याला दुकानात आणायच्या दिवशी ती काय करायची, तर बाजारात न्यायचा बैल जसा धुतात तसं समदं गरम पाण्यानं धुवून काढायची, खाचंत चिकटलं तेवढंच तूप आन वास मागं ऱ्हायचा, आन बाजारात जू निसटून फजिती हुऊ ने म्हणून पान्यानं करकचून आवळायची. मला फॉल्ट सापडंल कुठून? फॉल्ट आंघोळ करून यायचा!

माझं डोकं भडकलं. पोळ्यापासून माझी आब्रू हिनं तुपात तळली! मी गंजीमागून बाहेर पडणार, जोरात वरडणार, तेवढ्यात बाईनं डोकं बॉनेटला टेकवलं.

"चांद्या," ती म्हणली, "माझा जल्म पालात गेला. रामेश्वरला मी फडातच टाकला, वर पाचट पांघरून. त्याच्या पोरीला तिकडं घालू नको रं. मी तुला रोज तूप लावते. तू फक्त उभा ऱ्हा."

माझा राग कुठं गेला कुणाला ठाव. कडब्याचा भुसा नाकात गेला आन मला ठसकाच आला.

"कोण हाय तिकडं?" बाई गरजली. "चोर हाय का उत्रेश्वर?"

"उत्रेश्वर हाय, मावशी."

"मग आसा चोरावाणी कावून आलास?"

मी पुढं गेलो. आता सांगायचं कसं? तुमच्या तुपानंच गाडी बंद पडायली, आसं तोंडावर कसं सांगू? ही जीप घ्यायचा हट्ट हिचा. बैल इकायचा हट्ट हिचा. लेक आधीच म्हणायला की मायचं याड हाय. आन मी सांगू की नातीला फडाकडं ढकलणारी तूच? वायरिंगच्या धंद्यात ह्याला कुठला मीटर न्हाई.

मी म्हणलो, "मावशी, गाडी चालू करा बरं." इंजिन गरम व्हतं, झाली कशीबशी. मी तिला मीटर दाखवला. त्याच्या तारा आधी वरच्या क्लॅम्पना लावल्या. "किती दिसायले?"

"चौदा."

मग त्याच तारा जराशा सरकवून क्लॅम्पच्या आतल्या खुंट्यांना टेकवल्या. "आता?"

"बारा. आगंबाई! एवढ्याशा जागंत दोन कुठं गेलं?"

"तेच! जवारीची गाडी दारापर्यंत येती, पण कणगीत पडत न्हाई. दारातच आडवं काय तरी हाय."

"काय हाय आडवं?"

मग मला सुचलं. तोंड आसं गंभीर केलं की सटवानं पाह्यलं आसतं तर पाया पडला आसता. "मावशी, तुमी चुकीच्या जागंवर मळायलाव. हा खांदा न्हाईच."

"न्हाई? आरं, समदं वझं हितंच तर जोडलंय! आन तू सोता लावतोस की हितं पांढरं लोणी. मी पाह्यलंय."

"ते व्हॅसलीन हाय, आन मी समदं आवळून झाल्यावर वरून लावतो, आत न्हाई. ही बैलाची वेसण हाय, मावशी. वेसणीला कुणी तूप लावतं का? लावलं तर दोरी हातात ऱ्हाईल का?"

बाईनं वाटीकडं पाह्यलं, मग सोताच्या पिवळ्या बोटांकडं. हळूच पदराला बोटं पुसली. तोंड एवढंसं झालं.

"म्हंजी... मीच?"

"तुमी कशाला?" मी घाईनं म्हणलो. "मुंग्या! मुंग्यांनी वायर खाल्ली. रामेश्वरला मी हेच सांगणार हाय. तुमी मधी बोलायचं न्हाई."

तिचे डोळे भरून आलते, पण बाई डोळे पुसणाऱ्यातली न्हाई. मग तिनं इचारलं, "मग खांदा कुठं हाय त्याचा?"

मला काय तरी दाखवणं भागच व्हतं. मी दाराच्या बिजागऱ्या दाखवल्या. "हे बगा. चढता-उतरता समदी माणसं दाराला लोंबकळतात, वझं समदं हितं पडतं. दार लावलं की कसं वरडतं? हितं लावा तूप." आन ते खोटं बी न्हवतं. चांद्याची दारं आशी किरकिरायची की शाळेच्या मास्तराला घंटा द्यावी लागत न्हवती.

मी इंजिन बंद करून पॉलिश पेपरनं खुंट्या घासून चांदीवाणी केल्या, कपड्यानं कोरड्या पुसल्या, क्लॅम्प आवळून घट्ट बसवले. गाडी परत चालू करून मीटर लावला. वर बी चौदा, आत बी चौदा. लाल दिवा विझला तो विझलाच.

बाईची तब्येत लगेच सुधारली. "आन काय रं शहाण्या," ती म्हणली, "तुला एवढे दिस तुपाचा वास आला न्हाई व्हय?"

"आलता की. शिरा मागायला गेलतो."

बाई आशी हसली, आशी हसली, की संगीता भाकरी तव्यावर टाकून बाहेर पळत आली. "आत्याबाई, काय झालं?"

"काय न्हाई गं," बाई म्हणली. "ह्याला शिरा करून घाल."

रामेश्वरला मी मुंग्यांची गोष्ट सांगितली. त्यानं इस्वास ठिवला. सटवानं ती गोष्ट आख्ख्या सिरसाळ्यात पसरवली, आन आता बाईनंच खरं सांगितलं तरी लोकं माझ्याकडं येतात आन म्हणतात, "भाऊ, जरा मुंग्या बगून द्या." मी बी बॉनेट उघडून गंभीरपणे बगतो. आपल्याच पोटावर कशाला पाय द्या?

पण रामेश्वरचा शबूद शबूद व्हता. दसऱ्यापर्यंत गाडी रोज चालली, तरी तो म्हणायचा, "आज चालली म्हंजी काय झालं? मागं बी दुकानातून आणल्यावर चालायचीच." खांडेनवमीला त्यानं कोयता काढला, धार लावली, हत्यारांबरूबर पुजला. ते ऐकून मला झोप यायना. बाईनं परत मायेनं काय चोळलं तर?

दसऱ्याच्या सकाळी मी मोटरसायकल दामटत वस्तीवर गेलो. शिवशंकर मुकादम आधीच बाजंवर बसलेला. टेम्पो त्याला उतरवून म्होरच्या वस्तीची माणसं आणायला गेलता. संगीतानं गाठोडं बांधून ठिवलं व्हतं, पण पोरीचं दप्तर तिनं खुंटीवरून काढलं न्हवतं. त्याच्याच शेजारी कोयता लटकत व्हता.

आन आंगणभर तुपाचा वास!

मी पळत जाऊन बॉनेट उघडलं. खुंट्या कोरड्या, लख्ख. क्लॅम्प घट्ट. मग वास कशाचा? बाईकडं पाह्यलं तर बाई आभाळाकडं बगायली.

"लाव किल्ली," ती लेकाला म्हणली.

रामेश्वर बसला. किल्ली अर्धी फिरवली. लाल दिवा पेटला.

"झालं!" मुकादम उठला. "लागला बगा दिवा."

"आवं बसा खाली!" मी खेकसलो. "किल्ली फिरवल्यावर लागायलाच पायजे तो. न लागला तर बल्ब गेला समजा. इंजिन चालू झाल्यावर विझला का न्हाई, ते बगायचं आस्तं. कळत न्हाई तर मधी तोंड कशाला घालताव?"

रामेश्वरनं किल्ली पूर्ण फिरवली. टकटक न्हाई, काय न्हाई, चांद्या एका हिसक्यात उठला. दिवा विझला. मी म्हणलो, हेडलाईट लाव. लावली. वायपर. लावला. हॉर्न दाब. दाबला. इंजिन सावकाश चालत ऱ्हायलं आन दिवा मेल्यावाणी गप पडला. संगीता तोंडाला पदर लावून उभी व्हती.

रामेश्वर खाली उतरला, पण त्याचं तोंड आजून मोकळं झालं न्हवतं. मुकादमानं ते बरोबर हेरलं. म्हणला, "रामेश्वर, जीप कुठं पळून जायली का? हंगाम करून ये. जुनं यंत्र, आज हाय उद्या न्हाई. कोयत्याचं तसं न्हाई, मर्दा." आन त्यानं खुंटीवरचा कोयता काढून रामेश्वरच्या हातात द्यायला मूठ धरली.

कोयता सटकन निसटला आन खाली पडला.

मुकादमानं वाकून परत उचलला. परत निसटला. मुकादमानं हाताचा वास घेतला. "हे काय? तूप?"

"व्हय, साजूक हाय," कौशल्याबाई म्हणली. "काल सांजंपासून मळायले मुठीला. ह्या उत्रेश्वरनंच सांगितलंय, ज्याला तूप लावावं ते हातात ऱ्हात न्हाई."

मी बगतच ऱ्हायलो. रामेश्वरला वेसणीची गोष्ट ठाव न्हवती. त्यानं मायकडं पाह्यलं, तिच्या पिवळ्या बोटांकडं पाह्यलं, मग बॉनेटकडं, मग माझ्याकडं. मुंग्या कशाला लागल्या ते त्याला कळलं. मला वाटलं, आता हा चिडतो. तर त्याचे डोळे भरले आन तोंडानं तो हसायला लागला. "माय," तो म्हणला, "तू म्हंजी ना..."

खाली पडलेला कोयता कुणी उचलला न्हाई. संगीतानं गाठोड्याची गाठ सोडली.

रामेश्वर स्टेरिंगवर बसला आन वरडला, "मुकादम, टेम्पोची वाट कशाला बगताव? बसा, सिरसाळ्याला सोडतो."

शिवशंकर मुकादम तुपाचे हात पुसत मागं जाऊन बसला. बाई पुढं चढली, म्हणली, "हैक!" दारं लागली, तर आवाज बी झाला न्हाई.